मावशीचा मॉनिटर दुसऱ्यांदा उघडताना

[अंधारी खोली. मॉनिटरचा हिरवा दिवा लुकलुकतोय.]

नाशिक. जानेवारीतली सकाळ, पावणेआठ वाजलेत. मावशीने मॉनिटरचं बटण दाबलं आणि ती चहा टाकायला गेली. चहा होईपर्यंत पडदा लागेल, असा तिचा हिशोब. मागच्या महिन्यात एका कपात काम भागायचं. आता दोन लागतात.

सतरा इंची, जवळजवळ चौकोनी पडदा. १२८० बाय १०२४. मावशी यावर लग्नपत्रिका लावते, आणि उभी पत्रिका या पडद्यावर कशी ऐसपैस बसते ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मलाही तिने आधीच बजावलंय, "नवा घे म्हणू नकोस. हाच नीट करून दे."

पडदा लागल्यावर तासाभराने मागे हात लावून बघितला. तीन मोजायच्या आत तळहात काढावा लागला. वरच्या जाळीतून वास येतोय, जळक्या प्लास्टिकचा, आणि त्यात सुक्या बोंबलाची झाक. हसू नका. कपॅसिटर म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणारी डबी, तिच्यातलं रसायन गळायला लागलं की पुष्कळदा असाच वास येतो.

हा मॉनिटर मी आधी एकदा उघडलाय, चौदा महिन्यांपूर्वी. दोन कपॅसिटर फुगले होते. बदलले, पडदा लागला, मावशीने शेवयांची खीर केली आणि मी कॉलर ताठ करून घरी आलो.

[टेबलावर पालथा मॉनिटर. जुन्या एटीएम कार्डाने कडा उचकटली जाते.]

प्लग काढलाय, तरी हात लगेच आत घालायचा नाही. २३० व्होल्टचा एसी डीसी झाला की मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट चढतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच मुक्काम ठोकून असतात. होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या दोन पायांना टेकवायच्या. बल्ब क्षणभर उजळला तर समजा, तो झटका तुम्हाला बसणार होता. नंतर मल्टिमीटरने शून्य बघायचं. याची सवय नसेल तर इथून पुढे फक्त बघा, करू नका.

आता बोर्ड. तेच दोन, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. डोक्यावरची चीर वर आलीय, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा. जुने मेकॅनिक यांना अजून कंडेन्सरच म्हणतात.

२००० नंतरच्या काही वर्षांत असे कपॅसिटर जगभर फुटले. तैवानमधल्या काही कारखान्यांच्या मालातलं रसायनच सदोष होतं, आत वायू धरायचा आणि टोपी फुगायची. चोरलेल्या फॉर्म्युल्याची गोष्टही तेव्हा खूप फिरली. पण मी लावलेले तर नवे होते. मग चौदा महिन्यांत का गेले?

[अगदी जवळून: कपॅसिटर आणि त्याला खेटून उभा ॲल्युमिनियमचा पत्रा.]

हे बघा. पत्रा म्हणजे हीटसिंक, उष्णता ओढून हवेत सोडणारा. त्यावर डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवलाय, ट्रान्सफॉर्मरमधून आलेला करंट यातूनच पुढे जातो, म्हणून तो तापतो. आणि कपॅसिटर त्याला असा चिकटून, की मध्ये पोस्टकार्डही जाणार नाही.

थोडं गणित करू. कपॅसिटरवर छापलंय १०५ अंश. कंपनीच्या माहितीपत्रकात आयुष्य २००० तास. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ८५ अंशांना ८००० तास, ६५ ला ३२०००. मावशी लग्नसराईत बारा-बारा तास बसते. पत्र्याला चिकटलेल्या कपॅसिटरची काय कथा!

त्यात हे दुखणं स्वतःच स्वतःला वाढवतं. उष्णतेने आतलं रसायन सुकतं, आतला रोध वाढतो, रोध वाढला की कपॅसिटर स्वतःही तापतो. थंडीत तो रोध आणखी चढतो, म्हणून सकाळी दोन कप चहा. खात्री करायला मी उघडण्याआधी जाळीतून हेअर ड्रायरची गरम हवा मारली होती. अर्ध्या मिनिटात पडदा लागला. साध्या मीटरवर असा कपॅसिटर कधीकधी धडधाकट दिसतो, मागच्या वेळी तिसरा असाच माझ्या नजरेतून सुटला असणार.

डायोड सोडवला. त्याच्या पाठीवरची पांढरी पेस्ट वाळून खडूसारखी झालीय आणि स्क्रू बोटाने फिरतोय. म्हणजे डायोडची उष्णता पत्र्यात धड जातच नव्हती. ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल भेग. पहिल्या खेपेला मी यातलं काहीच पाहिलं नाही. फुगलेलं दिसलं, बदललं, मोकळा झालो.

[सोल्डरिंग गन. धुराची रेघ.]

या वेळी कमी रोधाचे, १०५ अंशांचे चार कपॅसिटर आणले. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालतं, कमी अजिबात नाही. आणि पट्टी, म्हणजे मायनसची बाजू, दोनदा तपासायची. पत्र्याशेजारचे दोन कपॅसिटर, पाय थोडे लांब ठेवून, पायांवर नळी चढवून, बाहेरच्या बाजूला आडवे निजवले. डायोडला नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळला, भेगेवर पुन्हा सोल्डर दिलं.

पहिली चाचणी सिरीज बल्ब लावून, म्हणजे मॉनिटरला जाणारी वीज आधी बल्बातून नेऊन. बल्ब भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट. आपला लुकलुकून मंद झाला.

तापमान मोजायला कोविडात घेतलेली कपाळावरची बंदूक काढली होती. ती चाळिशीच्या थोडं पुढे गेलं की नुसतं ‘हाय’ म्हणते. शेवटी मल्टिमीटरची तापमान मोजणारी वायर लावली.

[मॉनिटर पुन्हा मावशीच्या टेबलावर.]

एवढं करून मॉनिटर जागेवर ठेवला आणि मावशीने येऊन त्यावर कव्हर चढवलं. जुन्या पडद्याच्या कापडाचं, स्वतः शिवलेलं, कडेला लेस. धूळ बसू नये म्हणून. काम करताना ती ते पुढून वर सारते. मागची जाळी दिवसभर झाकलेलीच. चौदा महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होतं!

"मावशी, हे रात्रीच घालत जा."

"आणि दिवसा धूळ?"

दिवसाला ब्रश ठरला. ब्राइटनेस शंभरावरून साठावर आणला, त्यावर मात्र ती अजून कुरकुरतेय.

संध्याकाळी तळहात मागे ठेवला. वीसपर्यंत मोजलं. कोमट.

पडदा सुरुवातीची काही मिनिटं गुलाबीसर दिसतो, तुमच्याही लक्षात आलं असेल. तो दोष पडद्यामागून उजेड देणाऱ्या ट्यूब म्हाताऱ्या झाल्याचा, सप्लायचा नाही. मावशीने अजून विचारलेलं नाही, मीही काही बोललेलो नाही.