बक्षीस फुटकळ, शो भारी: कॅनडाचे जुने गेम शो

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं लहानपण किंवा तरुणपण टोरांटोत गेलं त्यांना आजची नावं ऐकून मजा येईल, बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर गेम शो म्हटलं की केबीसी आणि करोडोंचा चेक येणार, तर आधीच सांगून टाकतो, इथे तसलं काही नव्हतं.

सुरुवात फ्रंट पेज चॅलेंजपासूनच करायला हवी. सीबीसीवर, म्हणजे कॅनडाच्या सरकारी चॅनेलवर, १९५७ ला सुरू झाला तो थेट १९९५ पर्यंत चालला, म्हणजे माणूस नोकरीला लागून रिटायर होईल एवढा काळ. खेळ काय, तर एक पाहुणा पॅनेलच्या पाठीमागे, प्रेक्षकांना दिसतोय पण पॅनेलला नाही, आणि प्रश्न विचारत विचारत त्याच्याशी जोडलेली बातमी ओळखायची. पण खरी गंमत त्याच्यानंतर, कारण बातमी ओळखली की लगेच पाहुण्याची मुलाखत, आणि घेणारे कोण, तर पियर बर्टन, बेटी केनेडी, गॉर्डन सिंक्लेअर, सगळे मुरलेले पत्रकार. सिंक्लेअर म्हणजे एकदम तोंडाळ माणूस हो, पाहुण्याला तुझी कमाई किती हे बिनधास्त विचारायचा. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तीन मेडल जिंकलेल्या एलेन टॅनरला त्याने पाळीच्या दिवसांत पोहतेस का असं टीव्हीवर विचारलं आणि देशभर बोंबाबोंब झाली. या शोवर अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स येऊन गेले, आइस हॉकीवाला गॉर्डी हाऊ आला, भुताच्या सिनेमांतला बोरिस कार्लॉफ आला, आणि आपल्या इंदिरा गांधीसुद्धा! आता मला सांगा, गेम शोमध्ये पंतप्रधान लेव्हलचे लोक, हे दुसरीकडे कुठे बघितलंय? माझ्या मते हा गेम शो नव्हताच, बातम्यांचाच कार्यक्रम होता, खेळ फक्त नावाला.

आता सीटीव्ही या खाजगी चॅनेलवरचा डेफिनिशन. १९७४ ते १९८९, स्टुडिओ टोरांटोतल्या आपल्या स्कारबरोतच. शाळेत वहीच्या मागच्या पानावर खेळायचो तो हँगमॅन, एकेक अक्षर सांगून शब्द ओळखायचा, फक्त उत्तर म्हणजे एखादी पाणचट शाब्दिक कोटी. बक्षिसं इतकी साधी की लोक अजून त्यावरून हसतात. पण ट्यून! क्विन्सी जोन्सची सोल बोसा नोव्हा, जी नंतर ऑस्टिन पॉवर्स सिनेमात जगाने ऐकली, ती इथल्या पोरांनी आधीच रोज ऐकलेली.

एवढे स्वस्तातले शो निघायचे कसे? तर सीआरटीसीचा, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम, चॅनेलवर ठरावीक टक्के माल कॅनडाचाच पाहिजे. सिरियल काढायला खर्च फार, गेम शोला एक सेट, एक होस्ट आणि चार लाइट, झालं काम. त्यामुळे कोटा भरायला हे बरे पडायचे, आणि त्याच्यातूनच होस्ट तयार झाले. डेफिनिशनवाला जिम पेरी त्याच काळात अमेरिकेत कार्ड शार्क्स हा गेम शो पण करायचा. अमेरिकेत गाजलेला होस्ट मॉन्टी हॉल पण विनिपेगचा, तो मात्र या कोट्याच्या आधीच तिकडे गेलेला. आणि सडबरीचा ॲलेक्स ट्रेबेक, तो रीच फॉर द टॉपमध्ये शाळेच्या पोरांना प्रश्न विचारायचा, १९७३ ला अमेरिकेला गेला. रीच फॉर द टॉपच्या शाळेच्या टीममध्ये स्टीफन हार्पर पण होता बरं का, नंतर कॅनडाचा पंतप्रधान झाला तोच.

ट्रेबेकचा एक किस्सा सांगून थांबतो. १९८१ ला व्हँकुवरला त्याने पिटफॉल नावाचा शो केला. वर्षभरात काढणारी कंपनीच बुडाली, जिंकलेल्या लोकांची बक्षिसं अडकली आणि ट्रेबेकच्या मानधनाचा चेक बाउन्स. पठ्ठ्याने तो चेक फ्रेम करून ठेवला! पुढे १९८४ ला त्याला जेपर्डी हा क्विझ शो मिळाला, पण तो शो अमेरिकेचा, त्यावर बोलायला तुम्ही मला बोलावलेलं नाही.