आजीला सांगायचं का?

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात १३ जानेवारी २०१८ रोजी केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलंय. माईक बंद पडला तेवढा भाग गाळलाय.)

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला ‘नव्या वर्षाचे संकल्प’ असा विषय दिला होता. तो राहू दे. माझा मागच्या वर्षीचा व्यायामाचा संकल्प तळघरात उभा आहे, त्यावर हल्ली टॉवेल वाळतात. दोन आठवडे माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळतंय आणि ते आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांचं आहे.

३१ डिसेंबर. पिट्सबर्गला आपल्या ब्राउन्सची, म्हणजे आपल्या क्लीव्हलंडच्या अमेरिकन फुटबॉल टीमची, सीझनमधली शेवटची मॅच. पंधरा झालेल्या, पंधराही हरलेल्या. २८-२४ने मागे, शेवटची दोन मिनिटं, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा डाव. आपल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य गड्याने, काइझरने पळता पळता बॉल फेकला, तो कोरी कोलमनच्या अगदी हातात आला आणि हातातूनच निसटला. संपलं. सोळापैकी शून्य. आमच्या घरात कुणी बोलेना. मी तर उठून भांडी घासायला लागलो, यावरून काय ते समजा.

रात्री नऊला, म्हणजे आईकडे साताऱ्यात सकाळी साडेसातला, नव्या वर्षाचा फोन लावला. आधी नातवाने बोलायचं, मग आम्ही, अशी पद्धत. फोन लागला आणि मुलाने त्यावर हात ठेवून मला हळूच विचारलं, “बाबा, ब्राउन्स हरले हे आजीला सांगायचं का?”

मी म्हटलं, सांग की, त्यात काय?

“नाही, आपण हरलेलं सांगत नाही ना, म्हणून विचारलं.”

ऑक्टोबरात त्याची गणिताची स्पर्धा होती. पहिल्याच फेरीत गडी बाद. परत येताना गाडीत मी म्हणालो होतो, “आजीला उगाच कशाला सांगायचं? तिला वाईट वाटेल.” मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. त्याने त्याचा नियमच करून टाकला होता.

तर त्याने सांगितलं. “आजी, आम्ही हरलो. सोळाच्या सोळा.” पलीकडून आई म्हणाली, “अगं बाई, सोळा? मग जेवलास का रे?”

आईला फुटबॉल मीच समजावला होता : कबड्डीच, फक्त चिलखत घालून. चार डाव मिळतात, दहा यार्ड पुढे जायचं. मला तरी याहून जास्त कुठे कळतं? २००३ साली इथे आलो तेव्हा पायाने न खेळता याला फुटबॉल का म्हणतात, हा माझा एकमेव प्रश्न होता. दोन वर्षांत ब्राउन्स ज्या एकाच दिवशी जिंकले, तो म्हणजे २०१६चा २४ डिसेंबर, सॅन डिएगोविरुद्ध २०-१७. त्या वेळी मी इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडत होतो. बत्तीस मॅच, एक विजय, आणि तोही माझा हुकला.

हे काही नशिबाने झालेलं नाही बरं का. आकडेवारीवाले हुशार लोक आणून बसवले, आणि ते आपल्या जातीचे, एक्सेलवाले, म्हणून मला आधी फार कौतुक होतं. आजची संधी विकायची, उद्याच्या दोन घ्यायच्या. दरवर्षी टीमा क्रमाने नवे खेळाडू निवडतात. २०१६ला आपली दुसऱ्या क्रमांकाची निवड फिलाडेल्फियाला दिली, त्यांनी क्वार्टरबॅक वेंट्झ घेतला. २०१७ला बाराव्या क्रमांकाची ह्यूस्टनला दिली, त्यांनीही क्वार्टरबॅकच घेतला, वॉटसन. आज दुपारी फिलाडेल्फिया प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, खेळतंय. आपण १९९९पासून अठ्ठावीस क्वार्टरबॅक उभे करून पाहिले. शेजारणीला मिठाची बरणी द्यायची आणि मग आमटी अळणी का म्हणून विचारायचं, तसं. डिसेंबरात त्या हुशार साहेबांना काढलं, कोचला ठेवलं. पुन्हा असाच सीझन गेला तर ईरी तलावात उडी मारीन म्हणाले होते कोच. तलाव सध्या गोठलाय, म्हणून थांबलेत.

आमच्याकडे जर्सी आहे ७३ नंबरची, जो थॉमसची. २००७पासून एकही स्नॅप, म्हणजे एकही डाव, न चुकवता १०,३६३ स्नॅप सलग खेळला. ऑक्टोबरात दंडाचा स्नायू फाटला तेव्हा कुठे बाहेर गेला. अकरा वर्षांत प्लेऑफची एक मॅच त्याच्या वाट्याला नाही. मी मुलाला दुकानात म्हटलं होतं, अरे, जिंकणाऱ्या टीममधला कुणीतरी घे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने कार्ड काढलं.

मागच्या शनिवारी मिरवणूक निघाली, ते तुम्हाला माहीतच आहे. ‘परफेक्ट सीझन’ची. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तीन हजारांवर लोक स्टेडियमभोवती चालले, शून्याचा आकार व्हावा म्हणून गोल. फूड बँकेसाठी पैसे आणि डबे गोळा केले. मुलगा म्हणाला, जायचं. मी म्हणालो, हरलेल्यांची कसली मिरवणूक? हा खेळाडूंचा अपमान आहे. आता काही खेळाडूंनाही राग आला होता, म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो. पण त्यावरून घरात जे वाजलं! बायको म्हणाली, “तुझा राग खेळाडूंसाठी नाहीये. हरलेलं चारचौघांत दिसलं, त्याचा आहे.”

शेवटी ती दोघं चालली. मी ड्रायव्हर. गाडीत हीटर लावून, थर्मासमधला चहा पीत बसलो. समोरून कागदी पिशव्या डोक्यात घातलेली माणसं हसत जात होती आणि मला आपले क्रिकेट कॅप्टन अजित वाडेकर आठवत होते. १९७१ला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आले तेव्हा मुंबईने केलेलं स्वागत माझे वडील साठाव्या वर्षीही डोळे मोठे करून सांगायचे. तीन वर्षांनी लॉर्ड्सवर बेचाळिसात सगळे आउट. तो विषय निघाला की वडील पेपर उघडायचे. माणूस तोच होता.

आणि उद्या काय आहे? १४ जानेवारी. संक्रांत तर आहेच, पण पानिपतही आहे. अडीचशे वर्षं झाली, मोत्यं किती गळाली आणि मोहरा किती हरपल्या, आपल्याला तोंडपाठ. १७६१ची हार आपण स्टेजवर उभं राहून, गळा काढून सांगतो. मागच्या गुरुवारची मात्र शेजारच्या खुर्चीवरच्याला कळू देत नाही.

मंडळी, रागावू नका. आपल्या वार्तापत्रात ‘अभिनंदन’ नावाचं पान आहे. मीही त्यावर दोनदा फोटो छापून आणलाय, एकदा तर पोरगा साठात चौतिसावा आला होता तेव्हा, ‘उल्लेखनीय सहभाग’ म्हणून. संपादक काकूंनी काही विचारलं नाही, त्यांचे आभार. पण २००९ला माझी नोकरी गेली, पाच महिने घरी होतो, आणि गणपतीत याच हॉलमध्ये मी सगळ्यांना “दोन प्रोजेक्टच्या मधे आहे” म्हणून सांगत मोदक वाढत होतो. नंतर कळलं, त्या पंगतीत आणखी तिघे ‘दोन प्रोजेक्टच्या मधे’ होते. एकाने तर मला धीर द्यायच्या ऐवजी त्याच्या खोट्या प्रोजेक्टची माहिती दिली. मी वर त्याला दोन शंका विचारल्या.

ही सवय इथली नव्हे. सांगलीला सेकंड इयरला मला दोन केट्या लागल्या होत्या, म्हणजे दोन विषय राहिले होते. घरी म्हणालो, रिझल्ट राखून ठेवलाय. वडील विद्यापीठाला शिव्या देत राहिले, सहा महिने. ते गेले, पण मी सांगितलं नाही ते नाहीच. आता वाटतं, तेही कदाचित “जेवलास का?” एवढंच म्हणाले असते. किंवा नसतेही. पट्टा होता त्यांच्याकडे.

मिरवणुकीहून परत येताना मुलगा मागे बसून नाक चोळत होता. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, “छान. सगळ्यांना माहीत होतं ना, त्यामुळे कुणाला काही सांगायलाच लागलं नाही.”

तेव्हापासून मी ठरवतोय, त्याला म्हणायचं की ऑक्टोबरात बाबाचं चुकलं. अजून म्हटलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतोय, म्हणजे बघा.

परवा त्याच्या दप्तरात डबा शोधताना शाळेचं एक पाकीट दिसलं. पालकांच्या नावाचं, बंद, कोपरे मऊ झालेले. बरेच दिवस दप्तरात असावं. मी ते होतं तसं परत ठेवलं आणि रात्री जेवताना दोनदा विचारलं, शाळेत काय चाललंय? दोन्ही वेळा म्हणाला, “काही नाही.” आज सकाळी निघतानाही पाकीट तिथेच होतं.

तिळगूळ मागच्या टेबलावर आहे. गुळपोळ्या आमच्या घरच्या आहेत, थोड्या फुटल्यात.