ढोलाचा हात, मॅलेटच्या पट्ट्या

[दृश्य: सिडकोतल्या फ्लॅटमधली खोली. स्टँडवर काळा कंट्रोलर, शेजारी लॅपटॉप.]

निवेदन:
मरिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, मॅलेटने, म्हणजे गोल डोक्याच्या काठ्यांनी, वाजवायचं. पाच सप्तकांचा मरिंबा अडीच मीटरच्या आसपास लांब असतो. तो या खोलीत आणायचा तर आधी पलंग बाहेर काढावा लागेल. म्हणून इथे तीन सप्तकांचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर उभा आहे. लाकूड नाही, धातू नाही. मऊ पट्ट्या, आणि त्यांच्या खाली दाब ओळखणारे सेन्सर. कुठली पट्टी वाजली आणि किती जोरात, एवढंच तो लॅपटॉपला कळवतो; आवाज लॅपटॉप काढतो. जोराचा आकडा १ ते १२७.

वाजवणारा हात मात्र नाशिक ढोलावर तयार झालेला. मिरवणुकीत टिपरू चालवायची सवय. त्यामुळे पहिला फटका १२७, दुसराही १२७, आणि हळू म्हणून मारलेला तिसरा ११९!

अशा वेळी "जरा हलक्या हाताने वाजवा" असा सल्ला हमखास मिळतो. आम्हाला तो पटत नाही. वर्षानुवर्षं कमावलेलं मनगट मोडण्यापेक्षा आधी मेनूमधला व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला कुठला आकडा ते ठरवणारी रेषा, बदलावा. जड हाताला असा कर्व्ह हवा, जो सुरुवातीला सावकाश चढतो आणि १२७ अगदी शेवटच्या जोरासाठी राखून ठेवतो.

[दृश्य: जवळून. दोन मॅलेट, शेजारशेजारच्या दोन पट्ट्या.]

जोराचं वरचं टोक सगळेच लावतात. राहून जातं ते खालचं, आणि खरी मजा तिथेच असते. मरिंबावर लांब स्वर धरायचा म्हणजे रोल वाजवायचा: दोन मॅलेटचे भरभर, एकाआड एक ठोके. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याहून हलका ठोका कंट्रोलर मोजतच नाही ती मर्यादा, जास्त ठेवला, तर रोल हलका होत जाताना मधलेच ठोके गळतात. फार कमी केला, तर शेजारची पट्टी न मारताच बोलते.

इथे आपले वादक काय करतात पाहा. ऐकू येईल न येईल इतका बारीक रोल चालू आहे. थ्रेशोल्ड एकेक आकडा खाली येतोय. मध्येच एक नको असलेला स्वर वाजला. आता दोन आकडे वर. पुन्हा तोच रोल. मग एका पट्टीवर सणसणीत फटका आणि लॅपटॉपवर नजर: शेजारची गप्प आहे ना?

चार मॅलेट धरले की वेगळाच प्रश्न. व्हायब्राफोन (मरिंबासारखंच, पण धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारे गॅरी बर्टन यांच्या नावाची पकड, दांड्या तळहातात एकमेकींवरून जाणाऱ्या. डाव्या हातातला बाहेरचा मॅलेट कायम दुबळा पडतो. यावर सेटिंग नाही. सेन्सरला पट्टी कळते, तिच्यावर कुठला मॅलेट पडला ते कळत नाही. तिथे रियाजच.

[दृश्य: पायाखालचं पेडल.]

मॅलेट पट्टीवर टेकतो न टेकतो तोच उचललेला असतो. मग स्वर किती वेळ धरायचा? ते गेट टाइम ठरवतो. मरिंबाचा पॅच, म्हणजे लॅपटॉपमधला त्या वाद्याचा आवाज, आपोआप विरतो, तिथे फारसं बिघडत नाही. बासरी किंवा व्हायोलिनचा पॅच लावला, की गेट टाइम आखूड असेल तर स्वर तुटके येतात. व्हायब्राफोनला स्वर लांबवणारं सस्टेन पेडल हवंच. ते उलटं वागलं, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबले, तर पेडल फेकू नका. सेटिंगमध्ये पोलॅरिटी, म्हणजे पेडलची उलट-सुलट दिशा, बदला.

आणि ब्लूटूथ स्पीकरचा हट्ट नको. लॅपटॉप आवाज सोडण्याआधी तो थोडा बफरमध्ये साठवतो; ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंदांचा उशीर. ब्लूटूथचा उशीर त्याच्या कितीतरी पट, रोल पार विस्कटतो. वायरचा हेडफोन लावा.

[दृश्य: नाशिकचं महाकवी कालिदास कलामंदिर, साउंडचेक.]

घरी हेडफोनवर जमवलेलं इथे तसंच चालत नाही. समोर माणसं बसली, की हात आपोआप जड होतो. म्हणून दोन प्रीसेट साठवलेत: 'घर' आणि 'कालिदास'. दुसऱ्यात कर्व्ह आणखी सावकाश चढतो, आणि थ्रेशोल्ड थोडा वर आहे, कारण ढोलकी आणि बेसच्या दणक्याने स्टँडही हलतो. आज रंगमंचाची फळी जास्तच थरथरतेय. वादक थ्रेशोल्ड आणखी एक आकडा वाढवतात, आणि पुन्हा त्याच दोन पट्ट्यांवर रोल सुरू करतात.