एका पंगतीतले दोघे

(भंडारा जिल्हा. मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाची पाळ. मृगाच्या तोंडावरची दुपार.)

पाळीवरच्या या चिंचेला पानांपेक्षा वटवाघळंच जास्त लटकलीत. पारा पंचेचाळिसाला टेकला की ती पंखांनीच वारा घेतात, अंग चाटून ओलं करतात. खालून हाक येते, "तिथं नोका उभे राहू बापा, मुततेत ते अंगावर!" आजीचा अनुभव दांडगा.

ही आपली वटवाघळं अजून भरपूर आहेत. मॉरिशसमधल्या त्यांच्या भाऊबंदांचं तसं नाही. लिची-आंबेवाल्यांनी ओरड केली आणि २०१५ पासून तिथल्या सरकारनंच हजारोंनी मारून टाकली. २०१८ मध्ये ती 'संकटग्रस्त' ठरली. मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू. पोटाला चिकटवून तेही सोबत उडवायचं. तूट भरून निघणार कशी?

मॉरिशसच्या पश्चिमेला मादागास्कर. तिथला गळ्याभोवती पांढरी झालर असलेला काळा-पांढरा लेमूर, म्हणजे माकडाचा दूरचा नातलग, याहून बिकट अवस्थेत, 'अतिसंकटग्रस्त'. त्याची मादी एका वेळी दोन-तीन पिल्लं देते, झाडावर घरटं करून त्यांना त्यात ठेवते. हिशेबानं हा लवकर सावरायला हवा. पण शेतीसाठी जंगल जाळलं, उरलेल्यात शिकार झाली, तर घरटं बांधायचं कुठं?

आपल्याकडे विश्रामगृहापुढं शोभेला लावतात ना, मोराच्या पिसाऱ्यासारखी पानं पसरलेलं झाड? ते मूळचं मादागास्करचं. त्याच्या फुलांचं कडक आवरण हा लेमूर हातानं उघडतो, तोंड खुपसून मध चाटतो आणि नाकाला लागलेले पराग पुढच्या झाडावर नेतो.

सजीवांची वर्गवारी लावणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं १७५८ मध्ये माणूस, माकड, लेमूर आणि वटवाघूळ एकाच गणात बसवले होते. वटवाघळाला पुढे त्या पंगतीतून उठवलं. शास्त्राच्या दृष्टीनं बरोबरच. पण आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फळं खाणाऱ्या वटवाघळाला थेट उंदीर-कावळ्यांसोबत 'उपद्रवी' म्हणून बसवलं, हे जरा जास्तच झालं. ती यादी गेली २०२२ च्या दुरुस्तीत.

(पहाट. मोहाचं झाड.)

रात्रभर इथं जेवणावळ झाली. गर खाऊन टाकलेल्या बिया खाली विखुरल्यात, काहींवर दातांच्या खुणा. काही बिया तर मोहापासून लांब, चिंचेखालीही सापडतात. आजी टोपली घेऊन वाकल्यात. तेल काढायचं आहे.

"मुततेत खरे," त्या बी पुसत म्हणतात, "पण गर काढाचे कष्ट तं वाचोतेत."