पट्टी लावण्याआधी

(दृश्य : लालबाग, रात्र. चाळीच्या गॅलरीत मोबाइलवर टाइप करणारी मुलगी.)

समजा, या मुलीनं विकिपीडियावर एक पान लिहिलं. आजोबांच्या गिरणीतल्या जोडीदाराचं. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत डफ घेऊन उभा राहणारा शाहीर. सकाळी बघते तर पानाच्या डोक्यावर पट्टी : उल्लेखनीयता दिसत नाही, पान वगळावे.

पट्टी लावणाऱ्यानं शोधलं कुठे? गूगलवर. दोन मिनिटं.

उल्लेखनीय म्हणजे थोर नव्हे. त्या माणसाशी देणंघेणं नसलेल्या कुणीतरी त्याच्याबद्दल सविस्तर लिहून ठेवलेलं असावं, इतकंच. पेपरात, पुस्तकात, दिवाळी अंकात. ते ऑनलाइनच सापडलं पाहिजे, असा नियम नाही.

केतकरांचा ज्ञानकोश असो की वाईचा विश्वकोश, तिथे कुणाची नोंद घ्यायची हे संपादक ठरवत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला (मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा!), आणि तिथे पान कुणीही लिहितो, पट्टीही कुणीही लावतो. पान उडवायचं बटण तेवढं प्रचालकांच्या, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या सदस्यांच्या, हाती. सगळे बिनपगारी.

पुरावा लिहिणाऱ्यानं द्यावा, हे रास्तच. नाहीतर प्रत्येक कार्यकर्ता आपल्या साहेबांचं पान टाकून मोकळा होईल. होतातही!

पण तेवढ्यानं भागत नाही. मे २०१८मध्ये इंग्रजी विकिपीडियावर डॉना स्ट्रिकलंड या पदार्थवैज्ञानिकेवरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरात त्यांना नोबेल जाहीर झालं. तपासणाऱ्यानं मसुद्यात दिलेले तेवढे संदर्भ पाहिले. नियमानं तो चुकला असंही म्हणवत नाही. मला खटकतं ते नेमकं हेच. पान वगळा म्हणण्याआधी स्वतः शोधून बघा, अशी सूचना इंग्रजीत लिहून ठेवलेली आहे. मराठीत तर तिची गरज जास्त, कारण आपला पुरावा अजून कागदावरच आहे.

(दृश्य : दादर पूर्व. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय.)

१८९८ साली स्थापन झालेली ही संस्था. पट्टी लावणाऱ्यानं इथे यायला हवं होतं. लोकल पकडून आली ती मुलगी. तिच्यापुढे १९५६च्या अंकांचा गठ्ठा आहे. कडा हात लावताच झडतात, म्हणून ती पान दोन्ही हातांनी उलटते.

तिसऱ्या अंकात डफाचा फोटो आहे. खाली नाव दुसऱ्याच शाहिराचं.

ती पुढचा अंक उघडते.