चित्र चांगलं आलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

(गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? आणि तो पंखा जरा कमी करा कुणीतरी, कागद वाटल्यावर सगळे उडतील, निम्मा वेळ ते गोळा करण्यातच जाईल.

तर मला विषय दिलाय की चित्र काढण्याच्या वर्कशॉपने लोकांना आराम कसा मिळतो. आजकाल माइंडफुल ड्रॉइंग म्हणतात त्याला, पणजीला, हणजूणला बोर्ड दिसतात, टुरिस्ट येतात, फी बघितली तर आराम जाऊन टेन्शनच येईल. मी ते बोलणार नाहीये. मी बोलतेय ते आपल्या फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात, वाचनालयाच्या नाहीतर देवळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेचारला चहा झाल्यावर दहा-पंधरा माणसं बसतात त्याबद्दल. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना आत्तापासून प्रश्न तयार ठेवता येतील. ह्या बसण्याचा जो काही फायदा होतो त्यात चित्राचा वाटा फार थोडा. दीड तास चार माणसांच्या मध्ये बसायचं आणि कुणी तुम्हाला काही विचारत नाही, कुणी तपासत नाही, खरं काम हे करतं. चित्र हे त्याला निमित्त. चांगलं निमित्त, पण निमित्तच.

आता होतं काय तिथे ते सांगते. एक पॅड, परीक्षेचा असतो तो क्लिपवाला, दोन-तीन कागद, एक मऊ पेन्सिल, टूबी किंवा फोरबी, आणि खोडरबर नाही. खोडरबर नाही म्हटल्यावर पहिल्या दिवशी अर्धी माणसं घाबरतात, विशेषतः जे शाळेत हुशार होते ते. फोन पिशवीत. पहिला प्रकार म्हणजे श्वास सोडताना एक रेघ ओढायची, डावीकडून उजवीकडे, श्वास संपला की रेघ संपली, मग श्वास घ्यायचा, हात खाली, पुन्हा रेघ. बस. पानभर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ते शरीराचंच आहे, आपण फक्त सोडणं लांबवतो आणि रेघेमुळे ते लांबलेलं डोळ्यांना दिसतं. काही जणांना नुसतं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की उलट घाबरायला होतं, डोक्यात गॅस बंद केला का, पोराची फी भरली का सुरू होतं, त्यांना हे जमतं कारण हाताला काम असतं.

दुसरा प्रकार सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यात जास्त हसू त्यातच येतं. स्वतःचा डावा हात समोर धरायचा, त्याच्याकडेच बघत राहायचं, आणि कागदाकडे अजिबात न बघता त्या हाताची कडा काढायची, मुंगी चालते त्या स्पीडने. नखाजवळची सुरकुती, अंगठ्याचं पेर, बांगडीचा वळ, सगळं. पाच मिनिटांनी कागद बघितला की हात म्हणून जे काय आलेलं असतं ते बघून माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. चित्र बिघडणार हे आधीच ठरलेलं असतं ना, कुणाचंच चांगलं येऊ शकत नाही, त्यामुळे शेजारणीपेक्षा माझं बरं की वाईट हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे तर काय, पेन्सिल हातात दिली की लोक म्हणतात आम्हाला कुठे मारियोसारखं येतंय. अरे आपले व्यंगचित्रकार मारियो मिरांडा हे लहानपणी घरच्या भिंती रंगवायचे म्हणून आईने वही आणून दिली आणि मग ते वर्षानुवर्षं काढतच राहिले, आपल्याला इथे मारियो व्हायचंच नाहीये.

तिसरं म्हणजे पॅटर्न. ह्यात मी जरा आग्रही आहे. कोरा कागद देऊन मनात येईल ते काढा असं सांगणारे लोक आहेत, ऐकायला छान वाटतं, पण चिंतेत असलेल्या माणसाला कोरा कागद म्हणजे आणखी एक परीक्षा. 2005 साली अमेरिकेत करी आणि कॅसर ह्या दोघांनी 84 कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. आधी मुलांना त्यांच्या भीतीबद्दल लिहायला लावून चिंता वाढवली, मग काहींना रंगवायला मंडल, म्हणजे गोल नक्षी, दिलं, काहींना चौकड्यांचं डिझाईन, काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकडीवाल्यांची चिंता कमी झाली, कोऱ्या कागदवाल्यांची तशी झाली नाही. छोटा प्रयोग आहे, त्यावर राजवाडा बांधू नका, पण माझ्या डोळ्यांसमोर मी जे बघते त्याच्याशी जुळतो.

आणि पॅटर्नसाठी बाहेरून काही आणायची गरज नाही हो. आपल्याकडे कावी आहे. पेडण्याकडच्या काही जुन्या देवळांत भिंती नीट बघा, चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो ओला असताना खरवडून आतलं पांढरं काढलेलं, वर्तुळं, पाकळ्या, वेली. आम्ही काय करतो, कागदावर तांबडा खडू घासायचा आणि त्यात खोडरबरने, हो इथे खोडरबर चालतो, पाकळ्या उघडायच्या. सत्तरीच्या आज्यांनाही जमतं. एकीने तर सांगितलं की हे मी उंबऱ्यावर रोज करते, इथे बसून करायला एवढं काय बोलावलंत. बरोबरच होतं तिचं. रांगोळी, अबोलीच्या फाती म्हणजे वेण्या, चवथीआधी गणपतीच्या चित्रशाळेत बसून मातीला हात लावणं, गणपतीवर टांगतात त्या माटोळीला एकेक फळ बांधत बसणं, ही सगळी हाताची आणि सोबतीची कामं होतीच आपल्याकडे. मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातली नाही, माटोळी बांधताना आमच्या मामीची मान आठ दिवस धरायची आणि तिला कुणी विचारत नव्हतं तुझं मन शांत झालं का. पण फाती करताना दोन बायका तासभर न बोलता शेजारी बसू शकत होत्या आणि त्यात कुणाला अवघड वाटत नव्हतं, ते मात्र आता फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर गेलं, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. टीव्ही आला, तो काही शेजारी बसत नाही.

आता जे मगाशी म्हटलं ना, कुणी काही विचारत नाही. आपल्या गोव्यात हे किती अवघड आहे तुम्हाला माहितीये. बसमध्ये बसलं तरी कुठल्या वाड्यावरची, कुणाची सून, मुलगा काय करतो, लग्न कधी. प्रेमानेच विचारतात, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे एक बाय यायची, नवरा तारवटी म्हणजे खलाशी, बोटीवर, वर्षातले किती महिने बाहेर. तिने नंतर सांगितलं की घराबाहेर पडलं की प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारतो, घरकार कधी येतोय, आणि इथे दीड तास कुणी विचारलं नाही म्हणून मी येते. चित्राबद्दल एक शब्द बोलली नाही ती! म्हणून आमच्यात नियम आहे, पहिला पाऊण तास बोलायचं नाही, नंतर चहा, चहावर काय बोलायचं ते बोला, पण दुसऱ्याच्या कागदावर कमेंट नाही. छान आहे असंसुद्धा म्हणायचं नाही. ह्यावर लोक रुसतात, कौतुक पण नको का? नको. एकीला छान म्हटलं की उरलेल्या चौदा जणींना आपलं छान नाही हे कळलं.

सायन्स काय म्हणतं हे विचाराल. 2016 ला अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि त्यांच्या टीमने 39 मोठ्या माणसांना 45 मिनिटं माती, कोलाज, मार्कर देऊन हवं ते करायला सांगितलं आणि आधी आणि नंतर थुंकीतलं कॉर्टिसॉल मोजलं, ते ताणाचं हॉर्मोन. साधारण पाऊणशे टक्के लोकांचं कमी झालं. महत्त्वाचं म्हणजे ज्यांना कलेचा अनुभव होता आणि ज्यांना नव्हता त्यांच्यात फरक दिसला नाही. हे व्हॉट्सअपवर फार फिरतं, पण पुढचं फिरत नाही ते मी सांगते. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे तीच माणसं 45 मिनिटं नुसती बसली असती तर काय झालं असतं हे त्यातून कळत नाही, शिवाय कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात आपोआप उतरत जातं. आणि बाकीच्या पाव लोकांचं कमी झालं नाही, ती पण माणसंच आहेत. कुणाला चित्र काढून त्रास होऊ शकतो, शाळेत बाईंनी कान पिळलेला आठवतो. त्यांना गाणं द्या, बागकाम द्या, जबरदस्ती कशाला.

इथे मी जरा सिरियस होते. ही ट्रीटमेंट नाही. कुणी झोपत नाही, जेवत नाही, जगायला नको म्हणतंय तर त्याला पेन्सिल देऊ नका, त्याला बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, घेऊन जा, किंवा 14416 वर फोन करा, टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीपण. आणि वर्कशॉप घेणाऱ्याला एवढं ओळखता आलं पाहिजे. ह्यात गोव्याने खरंतर जगाला काहीतरी दाखवलंय आणि आपल्यालाच माहीत नाही. संगाथ ही संस्था इथे 1996 पासून आहे, त्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक लोकांना ट्रेनिंग देऊन डिप्रेशनच्या पेशंटना समुपदेशन करायला लावलं. बंद पडलेल्या गोष्टी थोड्या थोड्या पुन्हा सुरू करायच्या असा त्याचा गाभा होता, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा ह्या लोकांना जास्त फरक पडला, 2017 ला लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आलंय. म्हणजे शेजारचा माणूस मदत करू शकतो, पण त्याला शिकवावं लागतं आणि त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष असावं लागतं. आपण चित्रवाले तेवढं काही करत नाही, पण आपली हद्द कुठे संपते ते तरी शिकून घ्यावं.

बाकी सामानाचं पटकन. पावसात कागद नरम पडतो, स्केचपेन पसरतं, जून ते सप्टेंबर पेन्सिलच बरी. बोटं दुखत असतील तर सुताराची जाड पेन्सिल. खाली बसायचा आग्रह नको, खुर्च्या ठेवा.

आता भांडणाचा मुद्दा. कुठेही हे चार महिने चाललं की कमिटीतलं कुणीतरी म्हणतंच की वर्षाच्या शेवटी प्रदर्शन लावूया, पाहुणे बोलावूया, पहिले तीन नंबर काढूया, सर्टिफिकेट देऊया. हेतू चांगला असतो, फोटो पेपरात येतो, पुढच्या वर्षी हॉल फुकट मिळतो. पण एकदा नंबर आला की ज्या बाईला शाळेत चित्रकलेत नापास केलं होतं ती येणं बंद करते, आणि तिच्यासाठीच तर हे होतं. उरतात ते चांगलं काढणारे, आणि त्यांच्यासाठी क्लास आहेत, आल्तिनोला आर्ट कॉलेज आहे, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, पुष्कळ आहे. म्हणून माझं कमिट्यांना सांगणं असतं की हॉलचं भाडं मागा, मी वर्गणी काढून देते, पण भिंती मोकळ्या राहू द्या.

प्रश्न? हो, तुम्ही, निळा शर्ट. काय म्हणालात, पुरुष का येत नाहीत? येतात हो, थोडे येतात, रिटायर झालेले, बायकोने पाठवलेले. पहिल्या दिवशी दारात उभे राहून विचारतात किती वेळ लागेल. त्यांना मी चित्र म्हणतच नाही, टेबल लावून द्या, कागद मोजून ठेवा, पेन्सिली तासा असं सांगते. पेन्सिल तासून झाली की ती चालते का बघायला एक रेघ मारावीच लागते, तिथून पुढे बसतात बहुतेक. तुम्ही येताय का सोमवारी? या, पंधरा पेन्सिली आहेत तासायच्या.