सीमारेषेवरचा बाजार : मॉन्ट्रियलचा सँ-लोराँ रस्ता

कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात पत्ता सांगताना पूर्व की पश्चिम हे सांगावेच लागते, कारण तेथील आडव्या रस्त्यांवरच्या घरांचे क्रमांक सँ-लोराँ या रस्त्यापासून दोन्ही दिशांना सुरू होतात. त्यामुळे एकाच रस्त्यावर एकाच क्रमांकाची दोन घरे सापडू शकतात. शहराची ही विभागणी १७९२ सालची आहे. तटबंदीच्या जुन्या गावातून बाहेर पडून उत्तरेच्या शेतांकडे जाणारी ही मूळची वाट. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तट पाडले गेले, तटाबाहेर वस्ती वाढत गेली, आणि आज हा रस्ता, शहर ज्या बेटावर वसले आहे त्याच्या एका नदीकाठापासून दुसऱ्या नदीकाठापर्यंत, सुमारे ११ किलोमीटर, एकामागून एक मोहल्ले ओलांडत जातो.

पश्चिमेस प्रामुख्याने इंग्रजी भाषक आणि पूर्वेस फ्रेंच भाषक, अशी ढोबळ वाटणी दीर्घकाळ राहिली. माझे म्हणणे असे की, या रस्त्याचा बाजार वाढला तो या दोहोंपैकी कोणाचेच नसलेल्या लोकांमुळे. १८८५ साली कॅनडाच्या पूर्व-पश्चिम भागांना जोडणारा खंडपार लोहमार्ग पुरा झाल्यावर तेथून पूर्वेकडे सरकलेल्या चिनी कामगारांपैकी काहींनी रस्त्याच्या दक्षिण भागालगत बस्तान बसवले. त्याच सुमारास पूर्व युरोपातून ज्यू येऊ लागले. पुढे उत्तरेकडे इटालियन आणि १९५० नंतर मधल्या पट्ट्यात पोर्तुगीज स्थिरावले. नव्याने आलेल्या माणसाला यजमान शहराची भाषा येण्याआधी पोट भरायचे असते, आणि ते त्याच्याच भाषेतल्या गिऱ्हाइकांवर भरते.

ज्यूंच्या काळाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यिडिश ही पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा शहरातील तिसऱ्या क्रमांकाची भाषा होती आणि १९०७ साली तिच्यात वृत्तपत्रही निघाले. रस्त्यालगत कपड्यांचे उंच, बहुमजली कारखाने उभे राहिले. माल, मजूर, खाणावळ, छापखाना आणि कामगार संघटनेची सभा हे सारे चालत जाण्याच्या अंतरात असल्यामुळे कामाची पाळी सुटली की तोच कामगार खालच्या दुकानाचे गिऱ्हाईक होई. दुकानांच्या वर राहणारी कुटुंबे होतीच. रात्री रस्ता निर्मनुष्य होत नसे. नगररचनाकार ‘मिश्र वापर’ म्हणून ज्याची शिफारस करतात, ते येथे कोणी आखले नव्हते. अरुंद दर्शनी बाजूचे गाळे आणि परवडणारे भाडे, एवढ्यावर ते उभे होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच ज्यू कुटुंबे पश्चिमेच्या उपनगरांत गेली आणि कापड उद्योगही ओसरला. १९९६ साली या रस्त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र दर्जाने भाडे थोपवता येत नाही. पुढच्याच वर्षी एका जुन्या कापड कारखान्याच्या इमारतीत युबिसॉफ्ट ही संगणकीय खेळ बनवणारी फ्रेंच कंपनी आली. शिवणकामाला भरपूर उजेड आणि मोकळे मजले लागत, म्हणून बांधलेल्या मोठ्या खिडक्या आणि प्रशस्त दालने संगणकावर काम करणाऱ्यांनाही सोयीची ठरली. इमारती टिकल्या याचे श्रेय अशा भाडेकरूंना द्यावेच लागेल. पण वरचा मजला असा महागला की खालच्या गाळ्याचे भाडेही त्याच्यामागे चढते, आणि ज्या पट्ट्यात एके काळी बोटीतून उतरलेला माणूस उसनवारीवर दुकान मांडू शकत होता, तेथे आज आधीपासून भांडवल गाठीशी असलेल्यालाच शटर उघडता येते.